बढतीची शक्यता किती टक्के? ब्लॅकबर्न रोव्हर्स, चॅम्पियनशिप आणि माझी हिशेबाची वही

बालेवाडी११ | २० जुलै २०२५, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

दर जुलैमध्ये ऑफिसात कोणीतरी विचारतंच, "काय, यंदा तरी वर जाणार का तुमचे रोव्हर्स?" पूर्वी मी छाती ठोकून "जाणार!" म्हणायचो. गेली काही वर्षं मी टक्केवारी सांगतो. ती कशी काढतो आणि काढताना कुठे फसलो, ते नीट लिहून ठेवावं म्हणून हा धागा.

आधी नात्याचं सांगतो. नोव्हेंबर २०१० मध्ये पुण्याच्या वेंकीजने इंग्लंडमधला ब्लॅकबर्न रोव्हर्स हा फुटबॉल संघ विकत घेतला. ऑक्टोबर २०११ मध्ये संघ बालेवाडीत पुणे एफसीशी मैत्रीपूर्ण सामना खेळायला आला, तेव्हा मी कॉलेजात होतो आणि स्टँडमध्ये बसून तो सामना पाहिला. प्रीमियर लीगचा संघ आपल्या गावात, आपल्या डोळ्यांसमोर खेळतोय, हे पाहून जे झालं ते झालं. पुढच्याच मे महिन्यात संघ प्रीमियर लीगमधून खाली गेला आणि तेरा वर्षांत परत वर आलेला नाही. मधला एक हंगाम तर तिसऱ्या पायरीवर, लीग वनमध्ये काढला.

ज्यांना ही स्पर्धा माहीत नाही त्यांच्यासाठी: चॅम्पियनशिप म्हणजे प्रीमियर लीगच्या खालची पायरी. २४ संघ, प्रत्येकी ४६ सामने. २०२४-२५ च्या नियमाप्रमाणे पहिले दोन थेट वर. तिसरा ते सहावा या चौघांत प्ले-ऑफ म्हणजे बाद फेरी, त्यातला एक वर. म्हणजे आमच्यासारख्या संघाचा सगळा जीव सहाव्या जागेत अडकलेला.

मग पहिला प्रश्न, सहावं यायला किती गुण लागतात? २०१८ पासून सहाव्या संघाचे गुण असे: ७५, ७४, ७०, ७७, ७५, ६९, ७३, ६८. सरासरी ७२.६. पण नुसत्या सरासरीवर जाऊ नका, ६८ ते ७७ हा पसारा बघा. ७० गुण घेऊन एका वर्षी तुम्ही आत असता आणि दुसऱ्या वर्षी सात गुणांनी बाहेर. "यंदा ७३ झाले की झालं" असं जे आपण जानेवारीत म्हणतो, त्याला म्हणूनच फारसा अर्थ नाही.

आता आमची गोष्ट. २०२१-२२ : आठवे, ६९ गुण. २०२२-२३ : सातवे, पुन्हा ६९. २०२३-२४ मध्ये शेवटच्या दिवशी लेस्टरला त्यांच्याच मैदानावर २-० हरवून खाली जाण्यापासून वाचलो. २०२४-२५ : पुन्हा सातवे, ६६ गुण. चार वर्षांत तीनदा उंबऱ्यावरून परत.

त्यातलं २०२२-२३ मला अजून छळतं, कारण त्या वर्षी आकडे ओरडून सांगत होते आणि मी कान बंद करून बसलो होतो. कतारच्या विश्वचषकासाठी स्पर्धा थांबली तेव्हा आमचे २१ सामने झाले होते. १२ जिंकलेले, ९ हरलेले, बरोबरी एकही नाही. तिसरं स्थान! मी हवेत. पण जिंकायचो ते एका गोलाने आणि हरायचो ते सपाटून. हंगाम संपला तेव्हा ५२ गोल केलेले, ५४ खाल्लेले. गोलफरक उणे दोन, आणि तरी ६९ गुण.

एक ढोबळ सूत्र सांगतो, कागदावर करता येतं. विजयाला तीन गुण, बरोबरीला एक. चॅम्पियनशिपमध्ये साधारण चौथा हिस्सा सामने बरोबरीत सुटतात. त्या हिशेबाने सरासरी संघाला सामन्यामागे १.३७ गुण पडतात, ४६ सामन्यांत ६३. आणि गोलफरकातला प्रत्येक गोल हा अंदाजे ०.६५ गुणांचा. म्हणजे:

गुण = ६३ + ०.६५ × गोलफरक

२०२४-२५ चा आमचा गोलफरक अधिक ५. सूत्राने ६६, मिळाले ६६. त्याच वर्षी लीड्सचा अधिक ६५, सूत्राने १०५, मिळाले १००. बर्न्लीने अख्ख्या हंगामात फक्त १६ गोल खाल्ले, गोलफरक अधिक ५३, सूत्राने ९७, मिळाले १००. एवढ्याशा सूत्राला हे पुष्कळ झालं. आता २०२२-२३ चा आमचा उणे २ त्यात घाला. ६१-६२ येतात. प्रत्यक्षात ६९. सात गुण जास्तीचे मिळाले होते, आणि मी मात्र एक गुण कमी पडला म्हणून रडत होतो.

त्या हंगामाचा शेवटचा दिवस ८ मे २०२३. आपल्याकडे संध्याकाळी साडेसात. सहाव्या जागेवर मिलवॉल, ६८ गुण. सुंदरलँड, वेस्ट ब्रॉम आणि आम्ही ६६ वर. गुण सारखे झाले तर गोलफरक बघतात, आणि त्यात आम्ही सगळ्यांत मागे. म्हणजे आम्ही मिलवॉलला त्यांच्या मैदानावर हरवायचं, शिवाय सुंदरलँडने जिंकायचं नाही आणि वेस्ट ब्रॉमनेही जिंकायचं नाही. सात वाजता लाल पुठ्ठ्याच्या हिशेबाच्या वहीत मी लिहिलं:

आम्ही जिंकू: २५%
सुंदरलँड जिंकणार नाही: ६०%
वेस्ट ब्रॉम जिंकणार नाही: ६०%
०.२५ × ०.६० × ०.६० = ०.०९

नऊ टक्के. मध्यंतराला आम्ही ३-१ ने मागे होतो. मग तीन गोल करून ४-३ जिंकलो! वेस्ट ब्रॉम स्वान्झीत हरला. तीनपैकी दोन गोष्टी घडल्या, त्यात सगळ्यांत अवघड होती तीही घडली. आणि सुंदरलँडने प्रेस्टनला ३-० हरवलं. गुण ६९-६९, त्यांचा गोलफरक अधिक १३. पान अजून तसंच आहे, त्या ६० वर शाई जरा फुटलीय.

त्यानंतर मी एक नियम केला. प्रत्येक सामन्याआधी विजय, बरोबरी, पराभव यांचे टक्के पेनने लिहायचे. पेन्सिल नाही. नंतर खोडायचं नाही. हंगाम संपल्यावर पानं उलटून पाहिलं, जिथे जिथे "विजय ६०%" लिहिलं होतं तिथे आम्ही किती वेळा जिंकलो? निम्म्याहूनही कमी. दुसऱ्या संघांच्या सामन्यांचे माझे आकडे मात्र बऱ्यापैकी बरोबर होते. गणित तेच, वही तीच, माणूस तोच. फक्त आपल्या संघाचं नाव आलं की हात दहा-बारा टक्के वर सरकत होता.

म्हणून आता मी आधी दोन्ही संघांची नावं काढून टाकतो. एक 'क', एक 'ख'. केलेले-खाल्लेले गोल, मैदान कोणाचं, दुखापती किती. त्यावरून आकडा काढायचा, लिहायचा, मगच नाव भरायचं. एवढ्यानेच माझा अंदाज सुधारला.

तुमच्यापैकी कोणी असं काही करतं का? संघ कुठलाही चालेल.

---

नवखा_प्रेक्षक | २० जुलै, रात्री १०:१५

लेख आवडला. एक शंका, बाळबोध वाटली तर माफ करा. ९% म्हणजे नक्की काय? तो दिवस एकदाच येणार. एक तर सहावे येणार किंवा नाही येणार. मग नऊ टक्के कशाचे?

---

बालेवाडी११ | २० जुलै, रात्री १०:३२

बाळबोध अजिबात नाही, मलाही हे समजायला वेळ लागला. एका दिवसाचा ९% खरा की खोटा हे त्या दिवशी कळत नाही. पण तुम्ही जिथे जिथे १०% च्या आसपास लिहिलंत असे शंभर दिवस गोळा केले, तर त्यांतल्या साधारण दहा दिवशी ती गोष्ट घडलेली असायला हवी. तीस दिवशी घडली असेल तर तुम्ही फार घाबरट, एकदाही नसेल तर तुमचे १०% सुद्धा जास्तच होते. पावसाच्या अंदाजाचं जसं असतं तसंच. म्हणून तर वही हवी. डोक्यात ठेवलेला अंदाज निकाल लागल्यावर आपोआप बदलतो, "मला वाटलंच होतं" होतं त्याचं.

---

रांगडा_पेठकर | २० जुलै, रात्री ११:०५

भावा, लिहिलंयस झकास, पण मला काय हे पटलं नाही. आम्ही कोल्हापूरचे. शाहू स्टेडियमच्या गॅलरीत दगडी पायरीवर बसून लहानाचे मोठे झालो. पाटाकडील आणि दिलबहार ह्या आमच्या तालमींच्या संघांची मॅच असली की पेठेतली दुकानं लवकर बंद. तिथं कोण कुठला आकडा घेऊन बसत नाही. पोरगं वॉर्मअपला उतरलं की चालीवरनं कळतं आज पायात दम हाय का नाही. आदल्या रात्री कोण झोपलं नाही, कुणाच्या घरात काय झालंय, हे सगळं गल्लीला ठाऊक असतंय. ते तुझ्या 'क' आणि 'ख' मध्ये कुठं बसवणार? नावच काढून टाकलंस तर मग उरलं काय?

आमचा अनिकेत जाधव १७ वर्षांखालच्या वर्ल्डकपला भारताकडनं खेळला, पुढं तुझ्या ह्याच ब्लॅकबर्नला सरावाला बी जाऊन आला. त्याला पहिल्यांदा हेरणाऱ्यांनी काय टक्के काढले नसणार. डोळ्यानं बघितलं.

---

संभाव्य | २१ जुलै, सकाळी ७:५०

मी महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवते, त्यामुळे या धाग्यावर गप्प बसवत नाही.

पेठकर, तुमचं म्हणणं मला महत्त्वाचं वाटतं. आदल्या रात्री कोण झोपलं नाही हीसुद्धा माहितीच आहे, आणि उत्तम माहिती आहे. ती आकड्याच्या विरोधात नाही, आकड्यात यायला हवी. तुम्ही वॉर्मअप बघून "आज आपण जिंकतोय" म्हणता तेव्हा मनात एक टक्केवारी असतेच, ती तुम्ही बोलून दाखवत नाही एवढंच.

आता बालेवाडी, तुमच्या २५-६०-६० वर येते. २५ कुठून आणला? अंदाजाने लिहिला असेल तर हरकत नाही, पण तो काढायची जुनी आणि सोपी रीत आहे. फुटबॉलमध्ये गोल थोडे होतात आणि कधीही होऊ शकतात. अशा विरळ घटनांसाठी पॉइसाँचं वितरण वापरतात, म्हणजे सरासरीवरून शून्य, एक, दोन घटना होण्याच्या शक्यता काढायचं सूत्र. १८९८ मध्ये बोर्टकिएविच यांनी प्रशियाच्या सैन्यात घोड्याच्या लाथेने होणाऱ्या मृत्यूंवर ते लावून दाखवलं होतं, ते उदाहरण मी आजही वर्गात देते. १९८२ मध्ये माहेर यांनी फुटबॉलमधल्या प्रत्येक संघाला आक्रमणाचा एक आणि बचावाचा एक असे दोन अंक देऊन हीच रीत वापरली. १९९७ मध्ये डिक्सन आणि कोल्स यांनी त्यात दुरुस्ती केली. ०-०, १-१ असे कमी गोलांचे निकाल साध्या पॉइसाँने नीट येत नाहीत, ते त्यांनी सुधारले, शिवाय ताज्या सामन्यांना जास्त वजन दिलं.

करून दाखवते. समजा यजमान संघाकडून सरासरी १.४ गोल अपेक्षित आहेत, पाहुण्यांकडून १.१. यजमानांचा एकही गोल न होण्याची शक्यता २४.७%, पाहुण्यांची ३३.३%. दोन्हींचा गुणाकार ८.२%, ही झाली ०-० ची शक्यता. १-१ ची १२.६%, १-० ची ११.५%. असे सगळे निकाल मांडून बेरीज केली की यजमान विजय ४४, बरोबरी २७, पाहुणे विजय ३० येतात (पूर्णांकात केल्यामुळे बेरीज १०१ दिसते). ज्याला आपण "घरच्या मैदानावरचा सोपा सामना" म्हणतो, त्यात यजमान निम्म्याहून जास्त वेळा जिंकतच नाहीत. हे विद्यार्थ्यांना दरवर्षी नव्याने धक्कादायक वाटतं.

मग उरलेले सगळे सामने संगणकावर दहा हजार वेळा खेळवायचे, प्रत्येक वेळी गुणतक्ता मांडायचा आणि आपला संघ किती वेळा पहिल्या सहांत आला ते मोजायचं. एक्सेलमध्येही जमतं. याचा फायदा असा की सुंदरलँडचा गोलफरक, वेस्ट ब्रॉमचा निकाल असल्या सगळ्या अटी आपोआप धरल्या जातात.

पण तुमच्या धाग्यात एक मोठी गोष्ट राहिली. सहावं येणं म्हणजे बढती नव्हे. प्ले-ऑफमध्ये चार संघ, म्हणून प्रत्येकी २५%, असं बरेच जण धरतात. २०२५ पर्यंत पाहिलं तर सहाव्या स्थानावरून वर गेलेला शेवटचा संघ ब्लॅकपूल, २०१० मध्ये. त्यानंतर २०११ ते २०२५ अशा पंधरा हंगामांत सहावा संघ एकदाही वर गेलेला नाही. शक्यता खरोखर २५% असती तर सलग पंधरा वर्षं असं होण्याची शक्यता ०.७५ चा पंधरावा घात, म्हणजे जेमतेम १.३%. शक्यता १०% धरली तर ०.९ चा पंधरावा घात येतो २०.६%, ते पटण्यासारखं आहे. सहावा संघ कमकुवत असतो, शिवाय तिसऱ्या संघाविरुद्ध उपांत्य फेरीचा दुसरा सामना त्याला बाहेरच्या मैदानावर खेळावा लागतो.

म्हणजे ८ मे २०२३ च्या संध्याकाळी सात वाजता तुमची बढतीची शक्यता ९% नव्हती. ०.०९ × ०.१० = ०.००९. एक टक्क्याच्याही आत.

---

बालेवाडी११ | २१ जुलै, सकाळी ८:२०

मॅडम, हे वाचून पाच मिनिटं नुसता बसून राहिलो. एक टक्क्याच्या आत. आणि मी त्या दिवशी ऑफिसातून लवकर निघून, बायकोला "आज जेवायला थांबू नकोस" सांगून टीव्हीसमोर बसलो होतो.

पंधरा वर्षांचा हिशेब मी कधीच केला नव्हता. आत्ता वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला.

---

लँकेशायरची_ताई | २१ जुलै, दुपारी २:१०

इथे कोणीतरी मराठीत रोव्हर्सबद्दल लिहितंय हे पाहून डोळ्यांत पाणी आलं! मी आणि नवरा बारा वर्षं ब्लॅकबर्नजवळ राहतो. मुलगा ईवुड पार्कवर, म्हणजे रोव्हर्सच्या मैदानावर जाऊनच फुटबॉल शिकला.

गणित मला येत नाही. पण यंदाचा शेवटचा दिवस सांगते. ३ मे, आमचा सामना शेफील्ड युनायटेडच्या मैदानावर. घरात रेडिओ, मुलाच्या हातात मोबाइल आणि त्यावर मिनिटामिनिटाला बदलणारा गुणतक्ता. शेजारचे आजोबा येऊन बसले होते. ते १९९५ साली लिव्हरपूलच्या मैदानावर हजर होते. त्या दिवशी रोव्हर्स २-१ हरले, पण मँचेस्टर युनायटेड वेस्ट हॅमशी बरोबरीत अडकले आणि ८९ विरुद्ध ८८ अशा एका गुणाने रोव्हर्स इंग्लंडचे विजेते झाले. हरूनही विजेते! आजोबांचं म्हणणं असं की ज्याने तो दिवस पाहिला त्याला तक्ता शेवटच्या शिटीपर्यंत बंद करता येत नाही.

आमचा सामना १-१ सुटला. ब्रिस्टल सिटी प्रेस्टनशी २-२. मुलाने तिथल्या तिथे हिशेब केला. आपण जिंकलो असतो तर ६८-६८ झाले असते, आपला गोलफरक अधिक ६, ब्रिस्टलचा अधिक ४. सहावी जागा आपली होती. दोन वर्षांपूर्वी गोलफरकाने मारलं होतं आणि यंदा तोच गोलफरक आपल्या बाजूने उभा होता, फक्त एक गोल झाला नाही.

बालेवाडीभाऊ, तुम्ही फेब्रुवारीत किती टक्के लिहिले होते? तेव्हा आपण पहिल्या सहांत होतो.

---

बालेवाडी११ | २१ जुलै, दुपारी ३:००

ताई, तुमच्या घरातली ती दुपार अगदी समोर दिसली.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला मी सहाव्याच्या आत येण्याचे ४०% लिहिले होते. मग मधेच आमचे प्रशिक्षक जॉन युस्टेस डर्बीला गेले, व्हालेरियन इस्माएल आले आणि लागोपाठ हरलो. एप्रिलच्या सुरुवातीला माझ्या वहीत ५% आहे. शेवटच्या दिवशी सकाळी ते पुन्हा १५ वर. प्रशिक्षक निघून जाणं हे माझ्या गोलांच्या सरासरीत कुठेच बसत नव्हतं. तिथे पेठकर बरोबर आहेत, गल्लीला आधी कळतं.

---

मडगाववाला | २१ जुलै, संध्याकाळी ६:४५

वाचतोय सकाळपासून. आम्हां गोंयकारांचं दुःख यात घालतो, कारण ते अगदी ताजं आहे, तीन दिवसांपूर्वीचं.

आय-लीग २०२४-२५, म्हणजे भारतातली दुसऱ्या पायरीची स्पर्धा. जिंकणारा संघ इंडियन सुपर लीगमध्ये जातो. २०२३ मध्ये पंजाब गेला, २०२४ मध्ये मोहमेडन स्पोर्टिंग. यंदा आमचा चर्चिल ब्रदर्स. ६ एप्रिलला शेवटच्या दिवशी श्रीनगरला रिअल काश्मीरशी १-१ बरोबरी, चर्चिल ४० गुण, इंटर काशी ३९. तक्त्यात आम्ही पहिले. कोणालाही विचारलं असतं तर म्हणाला असता, शक्यता शंभर टक्के, सामने संपले.

पण जानेवारीतल्या एका सामन्याचा निकाल लागायचा होता. नामधारी एफसीने इंटर काशीला २-० हरवलं होतं, पण नामधारीने अपात्र खेळाडू उतरवल्याची तक्रार होती. शिस्तपालन समितीने गुण काशीला दिले, अपील समितीने ते काढून घेतले, मग चर्चिल विजेते जाहीर झाले. प्रकरण लोझानच्या क्रीडा लवादाकडे गेलं. १८ जुलैला लवादाने इंटर काशीला विजेता ठरवलं. काशी ४२, चर्चिल ४०.

संभाव्य मॅडम, तुमचे दहा हजार हंगाम मला मान्य आहेत. पण त्यांतल्या एकाही हंगामात वकील नसतो. एप्रिलमध्ये मडगावात लोकांनी एकमेकांना मिठ्या मारल्या होत्या. माझ्या बाबांनी चर्चिलचा शर्ट इस्त्री करून दारामागे लावला होता. तो अजून तिथेच आहे, काढायचं कोणी म्हणत नाही.

---

संभाव्य | २१ जुलै, रात्री ८:३०

मडगाववाला, वाईट वाटलं. तुम्ही जे सांगितलंत ते मी यापुढे वर्गात सांगणार आहे. आपण जे मोजतो ते नेहमी "नियम हेच राहिले तर" या अटीवर असतं आणि ती अट आपण मोठ्याने उच्चारत नाही. इंग्लंडमध्येही हे घडतं. यंदा शेफील्ड युनायटेडचे दोन गुण कापले गेले, ९२ चे ९० झाले. २०२१-२२ मध्ये डर्बीचे एकवीस गुण गेले आणि तो संघ खाली गेला. संगणकावर हंगाम खेळवताना कापलेले गुण हाताने घालावे लागतात, आणि निर्णय बाकी असेल तर दोन वेगळे तक्ते मांडावे लागतात. एप्रिलमध्ये चर्चिलसाठी प्रामाणिक उत्तर शंभर टक्के नव्हतंच. "समिती अशी वागली तर शंभर, तशी वागली तर शून्य", एवढंच म्हणता आलं असतं.

---

नवखा_प्रेक्षक | २१ जुलै, रात्री ९:०५

मग इतकं करून शेवटी आकडा चुकणारच असेल, तर आकडा न काढता सामना पाहिला तर काय बिघडलं? खरंच विचारतोय.

---

बालेवाडी११ | २१ जुलै, रात्री ९:५०

काहीच बिघडत नाही. माझ्या घरी कोणी आकडा काढत नाही आणि सगळे सामना मजेत बघतात.

मला स्वतःला काय मिळालं ते सांगतो. २०२३ च्या त्या रात्री सुंदरलँड जिंकलं तेव्हा मला वाटलं, आमच्याकडून काहीतरी हिसकावून घेतलंय. आठवडाभर कोणाशी नीट बोललो नाही. यंदा ३ मे रोजी पानावर १५% लिहून बसलो होतो. १-१ झाल्यावर वाईट वाटलंच, पण मी रात्री सामन्याबद्दल बोलू शकलो. आमच्या बचावफळीने ४६ सामन्यांत फक्त ४८ गोल खाल्ले, आदल्या वर्षी आम्ही शेवटच्या दिवसापर्यंत तळाशी झुंजत होतो, हे सगळं मला दिसलं. २०२३ मध्ये ते ५४ गोल मला दिसले नव्हते.

आणि उलटंही सांगतो. २०२३-२४ मध्ये लीड्सने ९० गुण घेतले आणि तरी तिसरे आले, कारण लेस्टर ९७ आणि इप्सविच ९६. प्ले-ऑफच्या अंतिम सामन्यात साउदॅम्प्टनने त्यांना १-० हरवलं. ८३ गुणांवर वेस्ट ब्रॉम २०२० मध्ये थेट वर गेला होता. लीड्सच्या लोकांना त्या वर्षी कोणीतरी सांगायला हवं होतं की तुमच्या संघाने काही चूक केलेली नाही. पुढच्या वर्षी त्यांनी १०० केले. यंदाचं सुंदरलँड बघा, लीगचे शेवटचे पाच सामने ओळीने हरून चौथे आले, ७६ गुण, आणि वेम्बलीवर प्ले-ऑफच्या अंतिम सामन्यात ९५ व्या मिनिटाला गोल करून वर गेले. गेल्या पाच सामन्यांवरून कोणी टक्के काढले असते तर किती आले असते? म्हणून मी 'फॉर्म' फार धरत नाही, अख्ख्या हंगामाचा गोलफरक धरतो.

---

रांगडा_पेठकर | २२ जुलै, दुपारी १२:२०

काल रात्री एक उद्योग केला. भाच्याला बसवलं, त्याच्या मोबाइलात गेल्या हंगामाचे आमच्या तालमीचे सगळे निकाल हायत. मी प्रत्येक मॅचच्या आधी गॅलरीत काय म्हणालो होतो ते त्याला आठवत हुतं, पोरगं माझ्या शेजारीच बसतंय. मला एक सुद्धा मॅच आठवत न्हाई जिथं मी "आज हरतोय" म्हटलं असंन. भाचा म्हणाला, "मामा, तुम्ही हरलेल्या सगळ्या मॅचला बी वॉर्मअप बघून जिंकतोयच म्हणाला होता."

गप झालो. वॉर्मअप मी बघतोय खरं, पण बघतोय फक्त आपल्याच पोरांचा. समोरच्यांचा कधी बघितलाच न्हाई.

भाच्याला वही आणायला सांगितलीय. आमचा हंगाम सुरू व्हायला वेळ हाय, तवर तुझ्या रोव्हर्सवर हात बसवतो. पहिली मॅच कधी?

---

बालेवाडी११ | २२ जुलै, दुपारी १:०५

मामा, स्वागत! पहिला सामना ९ ऑगस्ट, वेस्ट ब्रॉमविरुद्ध, त्यांच्या मैदानावर. माझं पान आत्ताच भरलंय: विजय २७, बरोबरी २८, पराभव ४५. हंगामात सहाव्याच्या आत येण्याचे १५, आणि मॅडमच्या हिशेबानंतर बढतीचे ४.

ज्यांना लिहायचं असेल त्यांनी सामना सुरू होण्याआधी इथेच लिहा. संपादनाची सोय वापरायची नाही.

---

लँकेशायरची_ताई | २२ जुलै, दुपारी ३:३०

मुलगा म्हणतोय ३०, ३०, ४०. आजोबा म्हणतात, आकडे नकोत, पण रेडिओ लावून बसायला येईन.

---

मडगाववाला | २२ जुलै, संध्याकाळी ५:१५

२५, ३०, ४५. निकाल लागल्यावर कोणी लवादाकडे जाणार नाही असं धरून.

---

रांगडा_पेठकर | २२ जुलै, रात्री ८:४०

विजय ३५, बरोबरी २५, पराभव ४०. पहिल्यांदा ५० लिहिणार हुतो. मग भाच्याने रोव्हर्सचं नाव अंगठ्याखाली झाकलं.